घरून आणलेलं मापटं

आखाती देशातल्या गाला नावाच्या भागातल्या दवाखान्यात तृप्तीचा नंबर यायला अजून अवकाश होता. शेजारच्या बाकावर रत्नागिरीकडचे एक गृहस्थ आणि त्यांची लेक इतिहासाचं पुस्तक उघडून बसले होते. आपली भाषा कानावर पडली, की हातातल्या मासिकाचं पान उलटायचं तृप्तीच्या ध्यानातच राहत नसे.

“अब्बा, हे व्हेनिसचे व्यापारी एकदम तुमच्यासारखे. परक्या बंदरात जायचे आणि आपली वेगळी गल्ली करून राहायचे.”

“गल्ली कोण देणार?”

“तिथला राजा. चर्च त्यांचं, पावाची भट्टी त्यांची, जजसुद्धा त्यांचा.”

“मग आमच्यासारखे कसे गो? आमचा मालक, हा अर्बाब, सुट्टी देत नाही, गल्ली कुठची देतोय!”

“पण वजनंमापंपण ते स्वतःच्या घरचीच वापरायचे.”

“ती कशाला?”

“आपल्याकडे तांदूळ कशाने मोजतात?”

“मापट्याने. पण ते तुझ्या आईने आणलं. मी तेव्हाच म्हटलं, दोन वर्षांसाठी कशाला घेतेस?”

“तेव्हा म्हणजे कधी?”

“तू झाली नव्हतीस.”

“मी आता अकरावीत आहे, अब्बा.”

“आता दोन वर्षांत जाऊच, इन्शाल्ला. गावचं घर रंगवून ठेवलंय.”

“तीनदा रंगवलंय.”

“बरं, ते व्हेनिसवाले परत गेले, तेव्हा मापं सोबत नेली की तिथेच टाकली?”

“थोडेच लोक गेले. पुष्कळ जण तिथेच म्हातारे झाले.”

अब्बांनी हात लांबवून पुस्तक मिटलं.

“झरीन.”

“हां अब्बा?”

“हा धडा आईला वाचून दाखवू नकोस.”