आपलाच हात, आपलंच खाजं

…आणि वर आमची नात मलाच सांगते, "आजोबा, बक्षीस तुम्हीच घ्यायचं, तुमच्याच हातानं! मी मोजणार नाही, आजी बघणार नाही." आता बोला! अहो, ज्या माणसाच्या भीतीनं अख्ख्या बिल्डिंगमधल्या बायका दिवाळीत लाडवाचा डबा वॉशिंग मशीनमध्ये लपवतात, त्याच्याच मांडीवर खाज्याचा गच्च भरलेला डबा ठेवायचा आणि म्हणायचं, तुमचं तुम्ही बघा! खाजं म्हणजे आमच्या मालवणी जत्रेतलं हो… बेसनाची कांडी, वर गुळाचा पाक, त्यात आलं… नुसता वास आला तरी माझं मन देवळातून उठून दुकानात जाऊन बसतं!

तुम्हाला सांगतो, सगळी भानगड या गुडघ्याची. ऑपरेशन झालं, नवा गुडघा बसवला. डॉक्टर म्हणाला, "काका, झकास बसलाय, आता चालवा!" म्हटलं, साहेब, तुम्ही बसवलात, तुम्हीच चालवा की! मग व्यायाम शिकवायला एक पोरगा यायला लागला, "गुड काका… अजून थोडं काका… व्हेरी गुड काका…" मी काय करायचो, त्यानं हात लावायच्या आधीच बोंबलायचो, "मेलोऽऽ!" शेजारणी धावत यायच्या, पोरगा घामाघूम, आणि व्यायाम राहिला बाजूला. चौथ्या खेपेला तो आलाच नाय. गरीब बिचारा.

पण मग पंचाईत माझीच झाली ना! आम्ही राहतो घाटकोपरला, तिसरा माळा, लिफ्ट नाय. नवी बिल्डिंग बांधायला बिल्डर येणार म्हणून लिफ्ट बसवत नाय, आणि बिल्डर काय येत नाय. खाली पंपाच्या खोलीजवळ बाक आहे, तिथं आमची दोस्तमंडळी बसते, त्या बाकावर माझी जागा ठरलेली… आणि मी? मी वर गॅलरीत! पिंजऱ्यातल्या पोपटासारखा! भाजीची पिशवी खाली सोडायची दोरी असते ना आपली, तिला हूक बांधून मी काशीरामची टोपी वर खेचली एकदा. काशीराम म्हणजे माझा मिलमधला जोडीदार, तोंड फाटकं. खालून ओरडतो, "ए अनंता! लंगड्या! हिंमत असेल तर खाली ये, मग बघतो तुला!" लागलं हो ते मनाला. टोपी हातात आहे, पण काशीरामचं तोंड जवळून बघता येत नाय, मग त्या टोपीला काय चाटायचंय?

तेवढ्यात आमची नात, निधी. कॉलेजात मनाचं शास्त्र शिकते. तिला पायजे होता माणूस, प्रोजेक्टला. म्हणते, "आजोबा, तुम्ही जिना उतरायचा, थोडा थोडा. किती उतरलं म्हणजे जमलं, ते तुम्हीच ठरवायचं. जमलं वाटलं की एक कांडी घ्यायची." म्हटलं, म्हणजे नवसच की गं! फक्त देव पण मीच, नवस बोलणारा पण मीच, आणि नैवेद्य चापणारा पण मीच! आपलाच हात, आपलंच खाजं! तर म्हणते, "हसू नका, यावर मोठं संशोधन झालंय. परदेशात लहान पोरांना एक चाक फिरवायला दिलं, म्हटलं, किती फिरवलं की बक्षीस ते तुमचं तुम्ही ठरवा. तर पोरांनी स्वतःलाच कडक नियम लावले!" म्हटलं, बाळा, ती पोरं परदेशातली. आमच्या कोकणातली असती तर खाऊ पण संपला असता आणि चाक पण विकलं असतं!

झालं. ती गेली कॉलेजला. शेवंती, म्हणजे आमची मंडळी, आत गॅसपाशी. मी दाराबाहेर, डबा माझ्याकडे. एक पाय पहिल्या पायरीवर ठेवला, लगेच वर घेतला. म्हटलं, जमलं! वा रे अनंता, वाघ आहेस! डबा उघडला, कांडी काढली, तोंडाजवळ नेली… आणि तुम्हाला सांगतो, आतून आवाज आला, "काय रे, याला जिना उतरणं म्हणतोस?"

कोण बोललं? मागं बघितलं, कोण नाय. माझाच आवाज हो! जन्मभर मी लोकांच्या नकला केल्या, मुकादमाची केली, सासऱ्याची त्याच्यासमोर केली, आणि आता हा कोण आत बसून माझी नक्कल करतोय? म्हटलं, गप रे, कोणाला कळतंय? तर म्हणतो, "मला कळतंय ना!" आता काय करणार! अहो, थाप मारायला समोर एक माणूस लागतो की नाय? शेवंतीला मारली असती, निधीला मारली असती, डॉक्टरला तर रोजच मारतो. पण इथं थाप मारणारा मी, आणि ऐकणारा पण मीच, आणि तो माझ्यापेक्षा बिलंदर! ठेवली कांडी परत. आपलाच हात, आपलंच खाजं, आणि तोंडात काय नाय!

मग काय, पेटलोच. दुखायचं हो, डोळ्यात पाणी यायचं, पण ओरडायची पण सोय नाय, ऐकायला कोणी नाय तर ओरडून फायदा काय? पहिल्या वळणापर्यंत गेलो. म्हटलं, आता तरी? आतला म्हणतो, "कठडा दोन्ही हातांनी धरलास. उद्या एका हातानं." अरे मेल्या! मिलमधला मुकादम बरा होता, त्याला निदान चहा पाजून गप्प करता येत होतं!

आणि मधेच एक भलतंच. मी खातोय अगदी मोजकं, पण डबा रोज हलका! म्हटलं उंदीर असेल. पण झाकण परत लावून जाणारा उंदीर कुठला? निधीला सांगावं तर विश्वास कोण ठेवणार? माझ्या तोंडून "मी नाय खाल्लं" हे वाक्य या घरात इतक्यांदा ऐकलंय की आता पंख्याच्या आवाजासारखं झालंय, कोण लक्षच देत नाय. पहिल्यांदाच खरं बोलायची पाळी आली, आणि माल खपेना!

त्यात शेवंती पण बदललेली. मी टॉवेल पलंगावर टाकला, बोलली नाय. तिचा चष्मा तांदळात पुरून ठेवला, तरी बोलली नाय! शांतपणे काढला, पुसला, म्हणाली, "च्या घेतलात?" मी टरकलोच. म्हटलं डॉक्टरनं हिला बाजूला घेऊन काय सांगितलंय काय माझ्याबद्दल?

आणि एक दिवस उतरलो! अख्खा जिना, एका हातानं कठडा, दुसऱ्या हातात काशीरामची टोपी, खिशात एक कांडी, बाकावर बसूनच खायची म्हणून. गेटपाशी काशीराम उभा, मान वर करून जिन्याकडे बघतोय. बसलो माझ्या जागेवर. तो जवळ आल्यावर टोपी त्याच्या डोक्यावर घातली. म्हटलं, आलो बघ! त्यानं डोळे पुसल्यासारखं केलं, आणि मी कांडी काढली तशी हिसकावून खाल्ली की हो त्यानं! म्हटलं, अरे, बक्षीस माझं! तर म्हणतो, "अर्धा तास तुला उतरताना बघतोय, माझ्या मानेला काय बक्षीस नको?"

म्हटलं, असू दे, वर डबा आहे. बसत बसत चढलो वर. डबा उघडला… रिकामा! तळाला नुसता गुळाचा भुगा! मी ओरडलो, "शेवंती! उंदीर!"

तर ती पदराला हात पुसत येते, शांतपणे. "उंदीर कसलो? मिया खाल्लंय."

"तू?"

"निधीन सांगल्यान ना, आपला आपण ठरवूचा? मी ठरवलंय. ज्या दिवशी तुमच्यार ओरडलंय नाय, त्या दिवशी एक. चष्म्याच्या दिवशी दोन घेतलंय."

ओरडा ऐकून आलेली निधी तर टाळ्या पिटत नाचायला लागली, "आजी! तूच माझं प्रोजेक्ट!" आता बोला! गुडघा माझा, घाम माझा, आणि कॉलेजात वाचून दाखवणार शेवंतीचं! आपलाच हात म्हणे, आपलंच खाजं…

आता घरात दोन डबे आहेत. माझा छोटा, तिचा मोठा. मी विचारलं, असं का? निधी म्हणते, आजीचं काम जास्त कठीण आहे. भांडणार होतो हो मी… पण आतल्याला विचारलं, तर तो पण तिच्याच बाजूनं!