गळा, साखर आणि सासूचा गूळ

माजा जलम मिठातला. पनवेलच्या खाडीकाठी आमचं गाव, बाप मिठागरात, आय मिठागरात, आनि आय सांगायची का तू पोटात व्हतीस तवा पन मी आगरात उभी व्हती, म्हंजे बगा, जलमायच्या आदीपासनंच मीठ. लगीन लवकर झालं, खाडीच्या पल्याडच्या गावात दिली, तिथं पन मिठागरच. टोपली डोक्यावर घ्यायची, मीठ बांधावर ओतायचं, तळपायाला चिरा, चिरांत मीठ, त्याची काय रड नाय. पन असल्या बाईच्या रक्तात साखर हाय असं कोन बोललं तं हसू येनार नाय का? मी हसलीच व्हती, डाक्टराच्या तोंडावर.

काय सांगू तुमाला, मी तिशीची असंन तवा. पहिली भूक वाढली. भाकऱ्या चार चार खायची आनि अंग सुकत चाललेलं, चोळी ढिली, छाती धडधड, थंडीत घाम, हात असं कापायचं का टोपली धरवत नव्हती. आनि गळ्यात, हितं ही टाक्यांची खून हाय ना, तिथं लिंबायेवढी गाठ. सासू बोलली नजर लागली. सासूला मी आये म्हनायची. तोंडानं फटकळ, पन घरात शब्द तिचाच. घरवाला साधा, आयेनं ऊठ म्हटलं तं उठनार, पन तवा त्यानं आयकलं नाय आनि मना पनवेलला डाक्टराकडं नेली. डाक्टर हितलाच, यहुदी, शनवारी दवाखाना बंद ठेवनारा, त्याचा देव निराळा पन बोलनं आपलंच. त्यानं काचेच्या नळीत निळं औषध घेतलं, त्यात माजी लघवी टाकली, दिव्यावर उकळली, तं ती झाली विटंसारकी लाल. बोलला, बाय, साखर हाय, गोड बंद, भात थोडा, आनि रोज सुई.

सुई घरवाला शिकला. सकाळी काचेची सुई उकळायची, औषधाची बाटली माठाखाली ओल्या रेतीत ठेवलेली, ती काडायची आनि मांडीत टोचायची. महिना झाला, दोन झालं, नळी लालच. सुई वाढवली तरी लालच. मंग डाक्टर माज्याकडं बगून बोलला, खरं सांग, चोरून गोड खातेस का? झालं. आये तिथंच बसलेली. त्या दिवसापासनं गुळाचा डबा शिंक्यात गेला, शिंकं आड्याला, आनि आये शिंक्याखाली. होळीला पोळ्या झाल्या तं माज्या ताटात कोरडी भाकर. कोनाच्या घरी बारसं असलं तं बायका पेढ्याचं ताट माज्याम्होरून बाजूला करायच्या, आनि येक हळूच बोलायची, हिचं तोंड सांबाळा गं. मी आयची शपथ घेतली, देवीची घेतली. घरवाला पन येकदा बोलला, खाल्ला आसंल तं सांग, मी काय बोलनार नाय. तवा मात्र मी रडली. मिठागरात चोरी नाय केली कदी, आनि घरात गूळचोर.

अशी दोनेक वर्सं गेली, मंग येक दिवस डाक्टर माजा हात धरून नाडी बगत व्हता, तं बगतच राह्यला. हात पुढं कर बोलला, बोटं कापतायत बोलला, गळ्याला हात लावला, आनि आपल्याच कपाळाला मारून घेतलं. बोलला, बाय, तू गूळ नाय खाल्ला, ही गाठ तुजी साखर वर काडते. मी बोलली, गाठ गळ्यात, साखर लघवीत, मदी कुटं भेटतात ह्या दोगी? तवा तो बोलला, तुमच्या आगराला उघाडी असते ना, खाडीचं पानी आत घ्यायची, ती उघडीच राह्यली तं तुमी कितीबी पानी उपसा, आगर भरलेलंच. गळा ही तुजी उघाडी, सुई म्हंजे उपसनं. मना थोडं कळलं, थोडं नाय कळलं. पन गूळ नाय खाल्ला हे त्यानं आयेम्होरं सांगितलं, तेवडं मना बास झालं. आयेनं शिंकं मात्र खाली नाय घेतलं.

त्यानं मंबईच्या मोठ्या इस्पितळाला चिठ्ठी दिली. निघताना आयेनं गावदेवीला नवस केला, गाठ जाऊं दे, मी हिला जत्रेला निर्जळी उपासानं पायी आनीन. इस्पितळात दुदातनं कसलं तरी कडू थेंब पाजलं, मंग गळा कापला. शुद्धीवर आली तं हात कापायचं थांबलेलं. घरी धाडताना तिथल्या डाक्टरानं घरवाल्याच्या हातात कागद दिला, हा पनवेलच्या डाक्टराला द्या, लगीच द्या.

आता आयका. आमी घरी आलो, आयेनं कागद बगितला, वाचता कोनालाच येत नव्हतं. ती बोलली, गाठ गेली त्याचा कागद हाय, पहिला देवीचा मान, जत्रा झाली का मंग डाक्टर. कागद देव्हाऱ्यात ठेवला, हळदकुंकू लावलं, वर फूल. जत्रेला आठ दिवस व्हतं. घरवाला सुई देत राह्यला, पहिलीयेवडीच, कारन डाक्टर बोललावता येक दिवस चुकवू नको.

जत्रेच्या दिवशी सुई घेतली, पोटात पान्याचा थेंब नाय, आनि निघाली चालत. देवळाजवळ गेली तं घाम सुटला, हात परत कापायला लागलं, डोळ्याम्होरं दोन दोन मानसं, मी काय बोलत व्हती मना म्हाईत नाय. बायका वरडल्या, देवी अंगात आली! कपाळभर कुंकू, गळ्यात हार, येक जन पाया पडून इचारतोय का माजा बैल कुटं गेला. मंग मी पडली. आयेनं अंगाला हात लावला. ती बोलली, देवी आली का अंग तापतं, हिचं तं गार हाय, ही देवी नाय, ही चालली. आनि तिनं काय केलं म्हाईत हाय? देवीच्या ओटीतला गूळ घेतला, बोटानं चुरला आनि माज्या हिरड्यांना चोळला. परत चोळला. मागनं घरवाला सांगायचा, आये रडत व्हती आनि बोलत व्हती, पोरीला दोन वर्सं गोड दिलं नाय, जाताना तरी तोंड गोड होऊं दे.

मरनाऱ्याला म्हनून घातला तिनं. आनि मी डोळं उघडलं.

दुसऱ्या दिवशी कुंकवाचा कागद डाक्टराकडं गेला. वाचून तो घरवाल्यावर असा वरडला का बाहेरचं लोक आत आलं. गळ्याची गाठ गेली का साखर आपोआप उतरनार, सुई अर्ध्यावर आना, असं लिवलेलं. उघाडी बंद झाली नि तुमी उपसतच राह्यलात, बोलला, आगर कोरडं पडलं, अंगातली साखरच संपली. मंग मना बोलला, पदराला गुळाचा खडा बांध, घाम सुटला का खा. मी बोलली, डाक्टरसायेब, काल विष आनि आज औषध? तो बोलला, दोनी. आता ह्यावर मानसानं काय करावं? धरलं तं चावतं, सोडलं तं पळतं.

इतकी वर्सं झाली, मी अजून इचार करते. कागद अडवला आयेनं, उपास लावला आयेनं, आनि वाचवली पन आयेनंच, ती पन चुकून. मी तिच्यावर रागवू का तिच्या पाया पडू, माजं नक्की होत नाय. घरवाला बोलतो देवीनं वाचवली, डाक्टर बोलतो गुळानं.

गेल्या वर्सी आये गेली. शेवटी शेवटी जीभ जड झालेली, माज्या पदराच्या गाठीकडं बगत राह्यली. मी गाठ सोडली, गूळ चुरला, बोटानं तिच्या हिरड्यांना चोळला, तिनं चोळलावता तसाच. परत चोळला. गूळ तोच, चोळनं तेच, पन ती नाय उठली. मी लई वेळ बोट तिच्या तोंडातच ठेवून बसली व्हती.

जाऊं दे. चा घ्या तुमी, गार झाला. साखर घातलीय, माज्यात नाय, तुमच्यात.