नळीत न दिसलेलं

माझ्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या रुग्णालयाचे मुख्य डॉक्टर, व्यासपीठावरील मान्यवर, रक्त तपासणी विभागातले माझे सहकारी आणि घरून आलेली माझी माणसं, सर्वांना नमस्कार.

अध्यक्षमहोदय, आत्ता आपण म्हणालात, ‘यांची नजर यंत्राच्या आधी निकाल सांगते.’ टाळ्याही पडल्या. खरं सांगू? त्या टाळ्या मला टोचल्या.

तिसऱ्या रांगेत ढगळ कोट घालून जे गृहस्थ बसलेत, ते म्हणजे माझा धाकटा भाऊ. घरात त्याला ढोल्या म्हणत. वजन काही केल्या हटेना, म्हणून त्याने जठर लहान करण्याची शस्त्रक्रिया करून घेतली. त्याआधी त्याचं रक्त यंत्रात फिरवलं की वर येणारं पाणी दुधासारखं पांढरं दिसायचं, इतकी चरबी! शस्त्रक्रियेनंतर सहा महिन्यांनी नळी उजेडात धरली, तर पाणी स्वच्छ, आरपार. मला इतका आनंद झाला, की तपासणीआधीच फोन लावला.

“ढोल्या, जिंकलास! बंद कर ती कोलेस्टेरॉलची गोळी.”

“पण दादा, रिपोर्ट आला का?”

“अरे, हातच्या कांकणाला आरसा कशाला?”

रिपोर्ट दुपारी आला. ट्रायग्लिसराइड्स, म्हणजे पाणी गढूळ करणारी चरबी, निम्म्याहून खाली. वाईट कोलेस्टेरॉल मात्र होतं तिथेच. ते डोळ्यांना दिसत नाही, हे मीच किती नवशिक्यांना शिकवलंय! मग पुन्हा फोन का केला नाही? वजन उतरतंय, तेही उतरेल, अशी मनाची समजूत घातली. आणि दिलेला शब्द मागे घ्यायची लाज वाटली, हे जास्त खरं.

आठ महिन्यांनी त्याला हृदयविकाराचा झटका आला. वाचला, पण आता एक जिना चढला की बसतो. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो, ‘माझंच पथ्य चुकलं.’ त्याची बायको जेवताना त्यावरून टोमणे मारते. गेली तीन वर्षं मी शेजारच्या ताटावर बसून ते गप्प ऐकतोय.

ढोल्या, पथ्य तुझं चुकलं नव्हतं रे. गोळी मी बंद करायला लावली. ती चालू असती तर झटका टळला असता का? हे डॉक्टरांना विचारायचंही मला धाडस झालं नाही.

सहकाऱ्यांनो, इतकी वर्षं सांभाळून घेतलंत, मनापासून आभार. भेट दिलेलं घड्याळ सुंदर आहे. बोलण्यात कमी-जास्त झालं असेल तर सभेने पोटात घालावं. दुसरी माफी मात्र मला इथून, माईकवरून मागता येणार नाही. त्यासाठी खाली उतरून तिसऱ्या रांगेपर्यंत जावं लागेल. अध्यक्षमहोदय, परवानगी असावी.