माशाच्या कुळातली सोयरीक

(केनियाच्या डोंगरावरलं इतेन, धावपटूंचं गाव. मुलाचा मामा बारसोसियो मुलीचा बाप बिर्गेन याच्या अंगणात लग्नाची बोलणी करायला आला आहे. नवरा मुलगा किमुर्गोर आणि मुलीच्या बापाला द्यायच्या गाई फाटकाबाहेर उभ्या आहेत.)

बिर्गेन : हत्ती म्हणालात, ते ऐकलं मी. पुन्हा विचारतो. मुलाचं देवक काय?

बारसोसियो : हत्तीच हो. आजोळचं विचाराल तर मधमाशी. तुमचा बेडूक. हत्तीला बेडूक चालतो, बेडकाला हत्ती चालतो. कुठं अडतंय?

बिर्गेन : मग मुलाच्या जाकिटावर मासा कसा?

बारसोसियो : तो कंपनीचा. बुटांच्या कंपनीचा उडता मासा. तुम्हाला काय ठाऊक नाही?

बिर्गेन : माझ्या जेबिवोटच्या जाकिटावरही तोच आहे. एक देवक. म्हणजे बहीण-भाऊ झाले.

बारसोसियो : थट्टा करताय.

बिर्गेन : थट्टा करायची असती तर आधी चहा दिला असता. मुलाला जेवायला कोण घालतं?

बारसोसियो : शिबिरात असतो ना तो. कंपनीच.

बिर्गेन : पहाटे उठवतं कोण?

बारसोसियो : प्रशिक्षक. म्हणजे... कंपनीचाच.

बिर्गेन : पाय मुरगळला तर?

बारसोसियो : त्यांचा डॉक्टर आहे की. चांगला आहे.

बिर्गेन : याला आमच्यात कूळ म्हणतात. तुमच्यात काय म्हणतात?

बारसोसियो : प्रायोजक म्हणतात. अहो, आता सगळ्या पोरांना असतो.

बिर्गेन : आधी दुकानाच्या पाटीवर आला हा मासा. मग पाण्याच्या टाकीवर, मग शाळेच्या छपरावर. परवा चर्चची घंटा पाहिली, तिच्यावरही. आपण मासे खात नाही. गावात तळं नाही. पाय नसलेला प्राणी बुटांवर काय करतोय, हेही कुणी विचारत नाही.

बारसोसियो : तुमच्या टोपीवर पण आहे, बिर्गेन.

बिर्गेन : सकाळी डोकं गार पडतं.

बारसोसियो : मी काही म्हटलं नाही.

बिर्गेन : फुकट दिली. तेव्हापासूनच मला संशय आहे. लग्नाचा महिना कुणी काढला?

बारसोसियो : आम्हीच. शर्यती संपल्यावर बरं, असं कंपनीचा मॅनेजरही म्हणाला.

बिर्गेन : गाई कुणी निवडल्या?

बारसोसियो : मी. मला तपकिरी आवडल्या होत्या. तो म्हणाला, पांढऱ्या घ्या, फोटोत उठून दिसतात.

बिर्गेन : आणि फाटकाशी कॅमेरा घेऊन कोण उभा आहे?

बारसोसियो : आमच्याकडचा पाहुणा.

बिर्गेन : तुमच्याकडच्या पाहुण्यानं माझ्या कुंपणाला मासा बांधलाय.

बारसोसियो : कापडाचा आहे. सुटतो.

बिर्गेन : महिना मॅनेजरचा, गाई त्याच्या. मग मुलगी तरी तुम्हीच निवडलीत कशावरून? दोन धावणारे, एक मासा, एक फोटो. मी मुलगी सासरी देईन, जाहिरातीत देणार नाही. गाई परत न्या.

जेबिवोट : बाबा, पाहुण्यांसाठी आंबवलेलं दूध आणलंय.

बिर्गेन : बोलणी चालू असताना मुलीनं मध्ये यायचं नसतं.

जेबिवोट : मी दूध आणलंय एवढंच म्हणतेय. घ्या, मामा. बाबा, एप्रिलची शर्यत आठवते? किमुर्गोर माझ्यापुढे धावत होता, वेग धरून द्यायला.

बिर्गेन : आठवते. मग?

जेबिवोट : त्याला बजावलं होतं, तिसाव्या किलोमीटरला थांबायचं. पुढं फोटोत मी एकटी दिसायला हवी होते. नेमकी तिथंच माझ्या पोटात कळ आली. तो थांबला नाही. वारा अडवत शेवटपर्यंत माझ्यापुढे राहिला, फितीजवळ तेवढा बाजूला झाला. माझ्या जिंकल्याच्या फोटोत त्याचं ढोपर आलंय.

बारसोसियो : त्या ढोपरापायी कंपनी दोन महिने बोलत नव्हती त्याच्याशी. बूट परत मागितले. वापरलेले.

बिर्गेन : का थांबला नाही, विचारलंस?

जेबिवोट : विचारलं. म्हणाला, ऐकू आलं नाही.

बिर्गेन : काय ऐकू आलं नाही?

जेबिवोट : शेजारून गाडीतून भोंग्यावर ओरडत होते, बाबा. त्याच्या नावानं.

बिर्गेन : हं. आणि पोरंबाळं कधी, तेही मॅनेजर ठरवणार?

जेबिवोट : तो बोलला त्याबद्दल. मलाही ऐकू आलं नाही.

बिर्गेन : ...दूध आंबलंय चांगलं. कुठं आहे तो मुलगा?

बारसोसियो : तो काय, इथून दिसतोय. कुडकुडतोय. तुम्ही देवकाचं काढलंत तेव्हाच जाकीट काढून गाईच्या अंगावर टाकलं त्यानं.

बिर्गेन : आणि तुमचा पाहुणा?

बारसोसियो : गाईचे फोटो काढतोय.

बिर्गेन : मुलाला आत घेऊन या. आणि जाताना ही टोपी न्या.

बारसोसियो : टोपी कशाला?

बिर्गेन : दुसऱ्या गाईला घाला. तिला वाईट वाटायला नको.