फुकटची पाटी

धाकटी: ...ते नंतर. पिशवी खाली ठेव आणि बस आधी, दादा. दारात उभं राहून सांगण्यासारखं दिसत नाही हे.

दादा: नव्या नोकरीत सगळी कॉम्प्युटर मशीन्स फुकटच्या सिस्टिमवर आहेत गं. मशीन सुरक्षित आहे का, हे तपासणारा, कोणीही कोड पाठवावा असा तुमचा खुला प्रोजेक्ट या सिस्टिमला ओळखतच नाही. रिपोर्ट कोरा येतो, आणि ऑडिटवाले कोऱ्याला नापास धरतात.

धाकटी: हे मला सांगतोस? माझ्या हॉस्पिटलचा रिपोर्ट असाच कोरा आला होता. फुकटच्या सिस्टिमचं आतलं सगळं विकतच्या सिस्टिमचंच, फक्त वरची नावाची पाटी वेगळी. ती पाटी ओळखणारा कोड मी लिहून पाठवला होता. कोणाचा कोड आत घ्यायचा हे ठरवायच्या किल्ल्या तेव्हा कोणाकडे होत्या?

दादा: माझ्याकडे. पण पगार विकतच्या सिस्टिमची कंपनी देत होती. माझे हात बांधलेले होते.

धाकटी: ‘फुकट्यांच्या नकलेला इथे जागा नाही’ असं लिहायला बरे मोकळे होते. तेही प्रोजेक्टच्या उघड्या चर्चेत, चारचौघांत. त्याखाली लोकांनी हसण्याच्या खुणा टाकल्या. हॉस्पिटल नापास झालं, मला घरी बसवलं. आणि तू आईकडे जेवताना म्हणालास, हिचंच काहीतरी चुकलं असेल.

दादा: नव्हतं बोलायला पाहिजे. आता किल्ल्या तुझ्याकडे आहेत. मी कोड पाठवलाय, तेवढा आत घे. बहीणच आहे तिथे, चुटकीसरशी होईल, असं साहेबांना सांगून बसलोय. त्यावरच नोकरी पक्की व्हायचीय.

धाकटी: तुझा कोड आत न घेताच बंद केला मी. सकाळीच.

दादा: राग माझ्यावर काढ. पण ही सिस्टिम वापरणाऱ्या शाळा, दवाखाने, त्यांनी तुझं काय घोडं मारलंय?

धाकटी: काही नाही. म्हणून त्यांचं काम झालंय. माझाच जुना कोड झाडूनपुसून आत घेतला. आजपासून तुमची सिस्टिम ओळखली जाते. चाचणीला मशीन हवं होतं, ते तुझ्या साहेबांनी दिलं.

दादा: तू साहेबांशी बोललीस?

धाकटी: त्यांनी विचारलं, एवढंसंच होतं तर इतकी वर्षं अडलं कुठे? मी तुझ्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. तू नकार लिहिलास त्या जुन्या चर्चेची लिंक तेवढी पाठवली. उघडीच आहे ती, कोणीही वाचावी.

(दादा खिशातून मोबाइल काढतो. साहेबांचा मेसेज उघडतो.)

दादा: उद्या भेटायला बोलावलंय त्यांनी. बाकी काही लिहिलेलं नाही.

धाकटी: हं.

दादा: बरं वाटलं तुला?

धाकटी: वाटलं. आयत्या वेळी वाईट वाटेल अशी धास्ती होती. नाही वाटलं.

दादा: आई वाट बघत असेल. काय सांगू तिला?

धाकटी: काम झालं म्हणून सांग.