पाठीवरची माती

सन्माननीय अध्यक्ष कमळाकरशेठ, व्यासपीठावरील तालीम मंडळाची वडीलधारी मंडळी, आजचे सत्कारमूर्ती आदरणीय दिनानाथ गुरुजी, आणि या उकाड्यात तासभर भाषणे सोसणाऱ्या माझ्या बंधुभगिनींनो,

'गुरुजींची न्यायनिष्ठा' या विषयावर मी पाच मिनिटे बोलावे, असा मंडळाचा हुकूम आहे. गुरुजींनी तीस वर्षे शाळेत मुले घडवली आणि बावीस वर्षे जत्रेच्या आखाड्यात पंच म्हणून उभे राहिले. कोणाचा साधा विडा त्यांनी घेतला नाही. इतका सरळ माणूस अख्ख्या पनवेलात नाही, आणि हेच तर माझे दुखणे आहे! लबाड पंचाशी भांडता येते. सरळ पंचाशी माणसाने भांडायचे कसे?

सन बावन्नची चैत्रातली जत्रा आपल्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. शेवटची कुस्ती माझी आणि बुधाची. बुधा डोंगराकडच्या वाडीवरचा, वीटभट्टीवर राबणारा. माझ्यामागे मिठागरावरची दोनशे माणसे ओरडत होती. त्याच्यामागे एकटी त्याची बहीण भागी, तीही गर्दीच्या पार मागे. रिवाजाप्रमाणे दोघांनी अंगाला माती चोळली आणि भिडलो. वीस मिनिटे कोणी कोणाला हलेना. मग बुधाने अशी ढाक मारली, की माझे दोन्ही खांदे जमिनीला टेकले. आस्मान दाखवले असे आपण सहज म्हणतो. मी ते खरोखर पाहिले. त्यात एक घार फिरत होती. वर असलेल्या गड्याला घार दिसते का हो कधी?

पण धुरळा उडाला होता, आणि दुसऱ्याच क्षणी मी उसळी मारून त्याच्यावर बसलो होतो. आमच्या मंडळींना तेवढेच दिसले. कुंपण मोडून सगळे आत! 'शाबास रे काशिराम!' म्हणत जो तो माझी पाठ थोपटू लागला. तीस-चाळीस हात तरी पडले असतील. आधी धुरळा आणि मग ही गर्दी, यामुळे गुरुजींना निकाल दिसला नव्हता. त्यांनी सगळ्यांना बाहेर घालवले आणि, ज्याच्या पाठीला माती तो हरला, या नियमाप्रमाणे म्हणाले, "दोघेही पाठ फिरवा."

माझी पाठ स्वच्छ! बुधाच्या पाठीवर माती. होती ती अंगाला चोळलेलीच, पण ती झाडायला त्याच्या पाठीवर एक तरी हात पडला होता का? गुरुजींनी माझा हात वर केला.

आता मुंबईत म्हणे गादीवर कुस्त्या होतात, तीन-तीन पंच गुण लिहितात. लिहोत बापडे. गर्दी मध्ये आली तर तिघांनाही गर्दीच दिसणार.

दुसऱ्याच दिवशी मी गुरुजींच्या घरी गेलो. म्हटले, "गुरुजी, मी हरलो." गुरुजींचे डोळे पाणावले. म्हणाले, "केवढा हा विनय!" पुढच्या वर्षी पुन्हा सांगितले, तर शाळेत माझ्या विनयावर मुलांकडून निबंध लिहून घेतला! मंडळाच्या सभेत सांगितले, तर टाळ्या झाल्या आणि पुन्हा पाठ थोपटली. अहो, नऊ वर्षे मी गळा फाडून सांगतोय की मी पडलो, आणि एक माणूस ऐकेल तर शपथ! हे बघा, आत्ताही टाळ्या! बंद करा त्या! शेठ, घंटी माझ्यावर नको, त्यांच्यावर वाजवा.

हे आज का, असे आपण म्हणाल. समोरच्या मेजावर एक कागद आहे. नव्या तालमीला वस्ताद नेमायचा आहे. जत्रेची शेवटची कुस्ती मारली त्यालाच वस्तादकी, हा आपला जुना नियम; ती मारणारे बाकीचे गडी तालुक्याबाहेरचे, म्हणून कागदावर नाव माझे आहे. मी आता मिठागरावरचा मुकादम. माझे हे पोट बघा आणि सांगा, मी कोणाला ढाक शिकवू? बुधा आजही वाडीवरच्या पोरांना ओढ्याच्या वाळूत शिकवतो. हरलेला म्हणून त्या जत्रेनंतर त्याला एकाही गावाने कुस्तीला जोड दिली नाही. पंचाचा निर्णय तोच पंच फिरवू शकतो, आणि गुरुजी उद्या सकाळच्या यष्टीने कायमचे लेकाकडे नाशिकला चालले आहेत.

बुधा मागे दाराशी उभा आहे. मीच ओढून आणला. खुर्ची दिली तर बसत नाही. वाटेत मला म्हणतो, "जाव दे रे काशिराम. पंच बोलला तो झाला. आमचा कोन ऐकनार हाय?" माझा राग गुरुजींवर आहेच, पण त्याच्या या 'जाव दे'वर त्याहून जास्त आहे. आणि सगळ्यात जास्त माझ्यावर. हात वर झाला तेव्हा मी तो खाली ओढला नाही. दोनशे माणसे बघत होती, आणि मला बरे वाटले होते.

मंडळाने मला बोलायची संधी दिली, आपण सर्वांनी ऐकून घेतले, याबद्दल मी ऋणी आहे. समारंभाला न शोभणारे काही बोललो असेन तर सभेने मोठ्या मनाने मला क्षमा करावी. गुरुजी, तुम्ही मात्र करू नका. तो कागद पुढे ओढा, माझ्या नावावर रेघ मारा, मला एकदा हरवा, आणि मग सुखाने गाडीत बसा.