बाजाराच्या दिवशी बघितलेली जागा

मला सांगा, एखादा म्हणाला, "मी माझ्या डोळ्यांनी बघून आलोय," तर त्याच्यावर विश्वास ठेवाल की नाही?

तलासरीत नगरपंचायत नवीन होती. माझ्या दुकानासमोर बागेसाठी राखलेली जागा आहे, तिथली जांभळाची झाडं तोडून गाळे बांधायचा विषय सभेत आला. अध्यक्ष म्हणाले, "मी स्वतः बघून आलोय. जागा रिकामी पडलीय."

नगरसेविका जयतीबाई उठल्या. "मजुरीच्या बाया तान्ही पोरं तिथंच सावलीत ठेवतात. झाडं गेल्यावर उन्हात ठेवायची का?"

"मला तर एकही दिसलं नाही." अध्यक्ष म्हणाले, मग माझ्याकडे वळले. गाळ्यासाठी पहिला अर्ज माझाच होता, म्हणून मीही सभेला येऊन बसलो होतो. "शेठ, तुमचं दुकान समोरच. तुम्हीच सांगा."

जयतीबाई माझ्याकडे बघत राहिल्या.

मी विचारलं, "भाऊ, बघायला कधी आलेलात?"

"बाजाराच्या दिवशी. म्हटलं, भाजीही होईल."

"त्या दिवशी मजुरी बंद. बाया पोरांना घेऊन बाजारात असतात. उद्या या. त्या जांभळांना झोळ्या टांगतात, त्यांचा दोर माझ्याच दुकानातून जातो."

अध्यक्ष हळूच म्हणाले, "शेठ, तुमचा गाळा गेला."

"जाऊ द्या. दोर तरी खपेल."

तुम्हीही कधी जागेचा हिशेब मांडाल, तेव्हा खरा मांडा. झोळीत निजलेली पोरं त्यात धरा.